सोनेगावची धावपट्टी आणि आपला हिशेब

आपल्याकडे इतिहास लिहिला जातो तो गडकोटांचा, राजघराण्यांचा आणि देवस्थानांचा. धरण, गिरणी, गोदी, रेल्वेचे यार्ड आणि विमानतळ यांनाही इतिहास असतो, हे आपल्या इतिहासकारांच्या गावी नसते. खरे पाहता अशाच ठिकाणी राबणाऱ्या माणसाचा इतिहास अधिक स्पष्ट सापडतो. जमीन कोणाची गेली, माती कोणी वाहिली, कंत्राट कोणाला मिळाले आणि शेवटी तेथे खुर्चीवर कोण बसले, हे चार प्रश्न विचारले की समाजव्यवस्थेचा आडवा छेद हाती येतो.

या लेखाचा विषय नागपूरचा सोनेगाव विमानतळ आहे. पहिल्या महायुद्धात लष्करासाठी तयार केलेले हे मैदान पुढे नागरी विमानतळ झाले, मग देशाच्या टपालाचे रात्रीचे केंद्र झाले आणि या शतकात 'मिहान' या नावाने त्याला आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीचे केंद्र करण्याची योजना आली. १५ ऑक्टोबर २००५ पासून त्याचे नाव 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ' असे आहे.

रत्नागिरीच्या वाचकाने नागपूरच्या विमानतळाचा इतिहास का वाचावा, असे कोणी विचारील. याची दोन कारणे आहेत. ज्यांचे नाव त्या विमानतळाला आहे त्यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. दुसरे कारण अधिक व्यवहाराचे आहे. रत्नागिरी शहरालगतच्या सड्यावर धावपट्टी आहे. ती तटरक्षक दलाच्या कामी येते आणि तेथून नागरी वाहतूक सुरू करण्याच्या योजना गेल्या काही वर्षांत पुढे आल्या आहेत. शेजारच्या सिंधुदुर्गात, म्हणजे १९८१ पर्यंत रत्नागिरीचाच भाग असलेल्या मुलखात, चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. उद्या येथून आंबा आणि मासळी विमानाने जाईल, असे सांगितले जाते. नागपुरात हे सगळे आधी घडून गेले आहे. तेथील हिशेब तपासल्याशिवाय येथील स्वप्नावर टाळ्या वाजवणे शहाणपणाचे नाही.

१

सोनेगावचे मैदान १९१७-१८ मध्ये ब्रिटिशांच्या हवाई दलासाठी तयार झाले. युरोपात महायुद्ध पेटले होते आणि साम्राज्याला जागोजागी माणसे, घोडे, मोटारी आणि आता विमानेही हवी होती. या एका गरजेपोटी साम्राज्याने त्याच सुमारास आणखी एक गोष्ट केली. जून १९१७ मध्ये '१११ महार' ही पलटण उभी केली.

या दोन घटना एकमेकींच्या शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात महारांची भरती मोठ्या प्रमाणावर होत असे आणि त्यात रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा मोठा होता. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी सैन्यात होते. वडील रामजी सुभेदार झाले आणि लष्करी शाळेत शिक्षक होते. दापोलीला आजही जुने लोक 'कॅम्प दापोली' म्हणतात. त्या गावात महार लष्करी पेन्शनरांची वस्ती होती आणि महूची नोकरी संपल्यावर रामजी सुभेदार काही काळ तेथेच येऊन राहिले. सैन्याने या लोकांना पगार दिला, पेन्शन दिली आणि त्यांच्या मुलांना अक्षर दिले. गावाने जे हजारो वर्षे नाकारले ते छावणीने दिले.

पण छावणी ही काही मानवमुक्तीची संस्था नव्हती. 'लढवय्या जाती' नावाचा सिद्धांत निघाला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या वाडवडिलांची नावे कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली, तेच लढण्यास अपात्र ठरले. गोपाळबाबा वलंगकरांनी दापोलीत 'अनार्य दोष परिहारक मंडळ' काढले. त्यांनी या बंदीविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी पुढे हाच प्रश्न थेट विलायतेतील भारतमंत्र्यांपर्यंत नेला. अर्ज दप्तरात पडून राहिले. दार उघडले ते अर्जामुळे नव्हे, महायुद्धामुळे. १९१७ साली माणसांची टंचाई पडली तेव्हा काल अपात्र असलेला महार एका रात्रीत पात्र झाला. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती पलटण मोडून टाकण्यात आली.

सोनेगावची जमीन मात्र कोणी मोडीत काढली नाही. ती सरकारजमा राहिली. पुढे या मैदानाचे मालक बदलत गेले, पण जमीन एकदा वर गेली ती खाली आली नाही. सत्तेची पद्धत अशी असते. संकटात ती माणूसही घेते आणि जमीनही घेते. संकट टळल्यावर माणूस परत करते, जमीन ठेवून घेते.

२

दुसऱ्या महायुद्धात सोनेगावला पुन्हा महत्त्व आले. जुन्या इमारती दुरुस्त झाल्या आणि ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांचा हा थांबा झाला. लांबच्या पल्ल्यावर निघालेली विमाने येथे उतरत, इंधन घेत आणि पुढे जात. भूगोलाने नागपूरला हे स्थान दिले आहे. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई ही चारही शहरे येथून हवाई मार्गाने सुमारे सातशे ते हजार किलोमीटरच्या टप्प्यात येतात. देशाच्या मध्यावरचे गाव ही नागपूरची ओळख पुढे टपालाच्या आणि मालाच्याही कामी आली.

जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर हिंदुस्थानात दोनशेहून अधिक विमानतळ बांधण्याचा किंवा वाढवण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. यंत्रे थोडी होती, माणसे स्वस्त होती. देशभर ही मैदाने उभी राहिली ती घमेली, पाट्या आणि फावड्यांवर. स्त्रिया डोक्यावरून खडी वाहत आणि मुले खडी फोडत. विमानाच्या युगाचा पाया अशा रीतीने बैलगाडीच्या युगातील मजुरीवर घातला गेला. मजुरांच्या या गर्दीत कोणत्या समाजाची माणसे अधिक असत, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, बलुते नाही आणि दुकानही नाही, तोच खडीवर जातो.

या काळात आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन गोष्टी घडल्या. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. बाबासाहेब त्या वर्षी संरक्षण सल्लागार मंडळावर होते आणि महारांच्या भरतीसाठी त्यांनी सातत्याने आग्रह धरला होता. ही रेजिमेंट १९१७ च्या पलटणीसारखी युद्धानंतर मोडली गेली नाही. आज ती भारतीय सैन्याचा भाग आहे आणि तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. दुसरी गोष्ट म्हणजे जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच महिन्यात नागपूरच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली होती. मजूर खात्याबरोबर केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते, म्हणजे सरकारी इमारती आणि विमानतळ यांसारखी कामे करणारे खातेही, त्यांच्या अखत्यारीत आले.

येथे त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. नोकऱ्या किती, शिष्यवृत्त्या किती, कायदेमंडळात जागा किती हे तर त्यात होतेच. पण त्यात आणखी एक कलम होते आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या यादीवर एक हजाराहून अधिक कंत्राटदार होते. त्यांत अस्पृश्य समाजाचा कंत्राटदार फक्त एक होता.

या एका आकड्यात सगळी व्यवस्था आहे. खडी वाहणाऱ्यांत आपण बहुसंख्य आणि खडीचे बिल काढणाऱ्यांत एक. बाबासाहेबांनी मजुराच्या कष्टाबद्दल करुणेचे चार शब्द लिहून निवेदन संपवले नाही. त्यांनी कंत्राटदारांची यादी काढली, मोजली आणि व्हाइसरॉयपुढे ठेवली. शासनाचा पैसा ज्या वाटेने वाहतो, त्या वाटेवर आपले माणूस कोठे उभे आहे, असा त्यांचा प्रश्न होता. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८ १/३ टक्के जागा राखीव झाल्या. जून १९४६ मध्ये त्या साडेबारा टक्के झाल्या. कंत्राटांचा प्रश्न मात्र पुढे कित्येक दशके तसाच पडून राहिला.

३

स्वातंत्र्यानंतर सोनेगाव नागरी विमानतळ झाला. लष्कर येथून पूर्णपणे गेले असे नाही. हवाई दलाच्या अनुरक्षण कमानचे मुख्यालय नागपुरातच आहे आणि 'गजराज' नावाने ओळखली जाणारी इल्युशिन-७६ ही अवजड मालवाहू विमानेही अनेक वर्षे येथे तळ ठोकून होती. पण मैदानाचा मुख्य धर्म बदलला. जानेवारी १९४९ मध्ये 'रात्रीची टपाल विमानसेवा' सुरू झाली.

तिची रचना साधी आणि सुंदर होती. दररोज रात्री दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथून एकेक विमान टपालाच्या पिशव्या घेऊन निघे. चारही विमाने मध्यरात्रीनंतर सोनेगावला उतरत. धावपट्टीच्या कडेला पिशव्यांची अदलाबदल होई. मुंबईच्या विमानातील कोलकात्याची पिशवी कोलकात्याच्या विमानात जाई, मद्रासची दिल्लीच्या विमानात. पहाटेपूर्वी चारही विमाने परत फिरत आणि सकाळी आपापल्या गावी पोचत. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांनी ही योजना आग्रहाने पुढे रेटली. जे. आर. डी. टाटा यांचा तिला विरोध होता. त्याच वर्षी साधी पत्रेही जादा आकार न घेता विमानाने नेण्याचा निर्णय झाला.

या निर्णयाचा सामाजिक अर्थ मोठा आहे. विमानात बसण्याची ऐपत देशात मूठभरांना होती. पण परळच्या चाळीतील गिरणी कामगाराने दूरच्या प्रांतात पलटणीत असलेल्या भावाला लिहिलेले साधे पत्रही आता विमानात बसले. पत्र लिहिणारा स्पृश्य की अस्पृश्य, हे पिशवीला कळत नव्हते. सोनेगावच्या इतिहासात खऱ्या अर्थाने समतेचा व्यवहार झाला असेल तर तो या पिशव्यांच्या बाबतीत झाला. आज मालवाहतुकीचे केंद्र म्हणून जे नवीन असल्यासारखे सांगितले जाते, त्याची मूळ कल्पना ही आहे. चार दिशांचा माल मध्यावर आणावा, बदलावा आणि पुन्हा चार दिशांना पाठवावा. फरक इतकाच की तेव्हाचा माल सर्वसामान्यांचा होता आणि केंद्र सार्वजनिक मालकीचे होते.

या सेवेनेही बळी घेतले. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे टपालसेवेतील एक डाकोटा विमान नागपूरहून उडताच कोसळले. वैमानिक वाचला, बाकीचे तेरा जण गेले. त्यांतील एका प्रवाशाच्या पत्नीने भरपाईसाठी दावा लावला. तो कोलकाता उच्च न्यायालयापर्यंत गेला. तिकिटावर एक अट छापलेली होती. कंपनीच्या माणसांच्या निष्काळजीपणानेही अपघात झाला तरी कंपनी जबाबदार नाही, असा तिचा आशय होता. न्यायालयाने ती अट ग्राह्य धरली आणि दावा फेटाळला. माणूस जातो, पण छापील अट उरते. जमिनीच्या करारावर अंगठा उठवणाऱ्याला हा अनुभव नवा नाही.

१९५६ साली सोनेगावच्या धावपट्टीला आपल्या इतिहासात कायमचे स्थान मिळाले. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी सकाळी बाबासाहेब दिल्लीहून विमानाने नागपूरला आले. सोबत माईसाहेब आणि नानकचंद रत्तू होते. तीन दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, दीक्षाभूमीवर लाखोंनी बुद्धाचा धम्म स्वीकारला. दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरच्या रात्री, त्यांचे पार्थिव दिल्लीहून मुंबईला नेणारे विमान नागपूरला थांबले आणि शोकाकुल समाजाने तेथे शेवटचे दर्शन घेतले. बापाच्या नावाने विमानतळ ओळखला जावा असे नागपूरच्या माणसाला वाटले, ते या नात्यामुळे. ते नाव त्या मातीचे आहे. ते कोणी उपकार म्हणून दिलेले नाही.

रात्रीची टपालसेवा १९७३ मध्ये बंद झाली आणि मध्यरात्री जागे राहणारे हे केंद्र सुमारे तीन दशके एक साधा विमानतळ होऊन राहिले.

४

२००२ मध्ये महाराष्ट्र शासनाने महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन केली आणि मिहान प्रकल्प उभा राहू लागला. एका बाजूला विमानतळ आणि मालाचे केंद्र, दुसऱ्या बाजूला विशेष आर्थिक क्षेत्र, अशी ही योजना आहे. तिच्यासाठी शिवणगाव, जयताळा, भामटी, चिंचभुवन, खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव आणि सुमठाणा या गावांच्या शिवारांवर संपादनाची रेघ पडली. एकूण क्षेत्र चार हजार हेक्टरांहून अधिक आहे.

संपादन झाले ते १८९४ च्या कायद्याने. ज्या दशकात ब्रिटिशांनी महारांना सैन्यातून बाहेर काढले, त्याच दशकातील हा कायदा. सार्वजनिक प्रयोजन असे सरकारने म्हटले की जमीन सरकारची. भरपाई कोणाला, तर ज्याचा जमिनीत कागदोपत्री हितसंबंध आहे त्याला. म्हणजे सातबारावर ज्याचे नाव आहे त्याला. मालगुजारी गेली तेव्हा जमीन कागदावरील कुळाला मिळाली. त्या कुळाच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या निंदणी, कापणी आणि राखण करणाऱ्या भूमिहीनाचे नाव कोणत्याच कागदावर आले नाही. शिवार गेले तेव्हा शेतकऱ्याची जमीन गेली आणि मजुराचा रोजगार गेला. कायद्याने जमिनीची किंमत केली, रोजगाराची केली नाही.

शेतकऱ्यालाही सुखाने काही मिळाले असे नाही. शिवणगावच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला, मोर्चे निघाले, दर वाढवून मागावे लागले. त्याच्या दुःखाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु एक तुलना केल्याशिवाय राहवत नाही. याच प्रकल्पात हवाई दलाच्या ताब्यातील धावपट्टीजवळची जमीन हवी होती. तेव्हा जमिनीच्या बदल्यात जमीन, असा करार झाला. हवाई दलाला जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली, शेतकऱ्याला मुख्यतः पैसा मिळाला आणि भूमिहीनाला काहीच मिळाले नाही. व्यवहार एकच होता, पण उतरंडीच्या प्रत्येक पायरीला न्याय वेगळा होता. वर्णव्यवस्था ही केवळ पोथीत असते असे मानणाऱ्यांनी भूसंपादनाची कागदपत्रे वाचावीत.

२०१३ साली नवा भूसंपादन कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला. त्यात 'बाधित कुटुंब' या शब्दाचा अर्थ रुंद केला आहे. संपादनापूर्वी तीन वर्षे ज्यांची उपजीविका त्या जमिनीवर अवलंबून होती असे शेतमजूर, कुळे, वाटेकरी आणि कारागीर हेही आता त्यात येतात. हा बदल मोठा आहे. पण मिहानमधील भूमिहीनाला तो उशिरा आला. शिवाय तीन वर्षे राबल्याचा पुरावा ज्याने द्यायचा, त्याच्या हातात हजेरीपट कधीच नसतो.

मिहानमध्ये काही उभे राहिले नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. १४ एप्रिल २००८ रोजी विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. एअर इंडियाने बोइंगकडून विमाने घेतली, त्या व्यवहारातून विमानदुरुस्तीचे केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, एम्स रुग्णालय झाले, व्यवस्थापन संस्था झाली. परंतु मूळ स्वप्न मालाचे होते. पूर्व-पश्चिमेची मालविमाने येथे रात्रंदिवस उतरतील आणि नागपूर आशियाचे गोदाम होईल, असे जे चित्र रंगवले गेले ते दोन दशकांनंतरही अपुरे आहे. जमीन घेताना मोठ्या स्वप्नाच्या मापाने घेतली गेली. रोजगार मात्र जेवढे उभे राहिले तेवढ्याच मापाने मिळाला.

आणि तो कोणता रोजगार? शिवणगावच्या शेतमजुराचा मुलगा विमानाचे इंजिन खोलणार नाही, कारण त्यासाठी लागणारे शिक्षण त्याच्या गावात कधी आले नाही. त्याच्या वाट्याला येतात ते पहारा, झाडलोट आणि ओझी उचलणे, आणि तेही बहुधा ठेकेदारामार्फत. ज्या कामातून बाहेर पडण्यासाठी आपल्या बापजाद्यांनी गाव सोडले, तेच काम गणवेश घालून पुन्हा दारात उभे राहते.

५

आता नावाचा प्रश्न. नावाची किंमत आपल्याइतकी कोणी मोजली नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातील वस्त्या पेटल्या. घरे जळली, माणसे मारली गेली. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्तार झाला. त्या मानाने नागपूरच्या विमानतळाचे नामकरण शांततेत पार पडले. कोणाचे घर जळले नाही, याचे समाधान मानले पाहिजे. पण दोन्हींत एक फरक आहे. विद्यापीठात आपली मुले शिकायला जात होती. त्या नावाबरोबर आपला वाटा आधीच आत होता आणि म्हणूनच विरोध झाला. विमानतळावर आपला वाटा किती आहे, हे कोणी विचारले नाही. ज्या वास्तूत आपण मालक नाही, चालक नाही आणि क्वचितच प्रवासी आहोत, तिला आपल्या बापाचे नाव द्यायला प्रस्थापितांना अडचण वाटत नाही, हेही समजून घेतले पाहिजे.

पुढचा टप्पा अधिक गंभीर आहे. २००९ मध्ये हा विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि राज्याची विमानतळ विकास कंपनी यांच्या संयुक्त कंपनीकडे गेला. २०१९ मध्ये तो चालवण्याची निविदा जीएमआर या खाजगी समूहाला मिळाली. २०२० मध्ये शासनाने ती रद्द केली. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द करण्याचा निर्णय बाजूला ठेवला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटचा वादही संपला. पुढच्याच महिन्यात सुमारे सात हजार कोटी रुपयांच्या विस्तारीकरणाचा पायाभरणी समारंभ झाला.

न्यायालयात वाद होता तो निविदेच्या अटींचा, आणि तो कायद्याप्रमाणे सुटला. आपला प्रश्न निराळा आहे आणि तो कोणत्याही न्यायालयापुढे नव्हता. राज्यघटनेने नोकऱ्यांतील राखीव जागांची जी तरतूद केली आहे ती शासनाच्या सेवेपुरती आहे. खाजगी चालकाला ती बंधनकारक नाही. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणाप्रमाणे केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या खरेदीपैकी चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करावयाची आहे. १९४२ च्या निवेदनातील मागणीला सत्तर वर्षांनी मिळालेले हे अपुरे उत्तर. तेही खाजगी चालकाला लागू नाही. म्हणजे कमानीवर राज्यघटनेच्या शिल्पकाराचे नाव राहील आणि कमानीच्या आत त्याच्या घटनेतील वाट्याचे कलम लागू नसेल. यापेक्षा मोठी विसंगती कोणती?

६

म्हणून विमानतळाला विरोध करावा, असे येथे सुचवायचे नाही. यंत्र, वीज, धरण आणि कारखाना यांच्याकडे बाबासाहेबांनी भीतीने पाहिले नाही. गावगाड्यातून सुटण्याची वाट त्यांना उद्योगीकरणात दिसत होती. प्रश्न विमान उडावे की नाही हा नाही. उड्डाणाचा खर्च कोणी सोसायचा आणि भाडे कोणी खिशात घालायचे, हा आहे.

कोकणात हा प्रश्न उद्या नव्हे, आजच विचारावा लागेल. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो कोकणी कुळांना घेऊन कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. त्या कुळांत महार होते, कुणबी होते. खोती कायद्याने गेली. महारवतने १९५८ च्या कायद्याने गेली. तरी रत्नागिरीच्या सड्यांवर आणि वाड्यांवर अशी कितीतरी कुटुंबे आहेत, ज्यांची कसणूक आहे पण नाव नाही, किंवा नाव आहे पण ते चाळीस हिस्सेदारांच्या गर्दीत आहे आणि अर्धे हिस्सेदार मुंबईत आहेत. संपादनाची नोटीस निघते तेव्हा ही माणसे सर्वांत शेवटी कळणारी असतात. आंब्याचे कलम लावणारा, पाणी वाहणारा, आढी लावणारा आणि पेटी उचलणारा हात एकाचा असतो. पेटीवर नाव मात्र दुसऱ्याचे असते. ती पेटी ट्रकऐवजी विमानात गेली म्हणून या व्यवस्थेत आपोआप काही बदलत नाही.

तेव्हा सोनेगावच्या शतकभराच्या इतिहासातून घ्यायचे ते १९४२ चे माप. नव्या विमानतळाची वीट बसण्यापूर्वी चार याद्या गावाच्या चावडीवर लागल्या पाहिजेत. पहिली यादी जमीन जाणाऱ्यांची, सातबारावरील मालकासह त्या जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीनांची. दुसरी कंत्राटदारांची. तिसरी नोकरांची, कायम किती आणि ठेक्यावर किती, कोणत्या हुद्द्यावर कोणत्या समाजाचे किती. चौथी माल पाठवणाऱ्यांची, म्हणजे मालवाहतुकीच्या सवलती प्रत्यक्षात कोणाच्या पदरात पडतात त्यांची. चालक सरकारी असो वा खाजगी, जमीन जनतेची आहे तोवर हा हिशेब मागण्याचा जनतेला अधिकार आहे. राखीव जागा आणि खरेदीतील वाटा यांची अट भाडेपट्ट्याच्या करारातच घालता येते. करार करणारे शासन आहे आणि शासनाला मते आपण देतो.

नागपुरात हे काम आजही करता येईल. तेथे शिकलेल्या तरुणांची मोठी पिढी आहे, माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून हाती आहे. योगायोग असा की ज्या आठवड्यात तो कायदा पूर्णपणे अंमलात आला, त्याच आठवड्यात विमानतळाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. नामकरणाच्या दिवशी हार घालणाऱ्यांनी आता अर्ज घालावेत. एक हजार कंत्राटदारांत आपला एक, हे बाबासाहेबांनी मोजून दाखवले होते. आज त्यांच्याच नावाच्या विमानतळावर तो आकडा किती झाला आहे, हे मोजणे आणि रत्नागिरीत तो आधीच ठरवून घेणे, एवढे काम आपल्या पिढीने करायला हवे.